'पुनर्विवाह' पुन्हा बघताना : दुबे आजी-आजोबांचं पुढे काय होतं?

चाफेकळी

गेल्या महिन्यापासून लेकीचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. फोन बघून कंटाळली आणि एका दुपारी म्हणाली, "मम्मा, ती तुझी आणि आजीची मालिका लाव ना, रामाची." रामाची म्हणजे 'पुनर्विवाह - जिंदगी मिलेगी दोबारा'. झी फाईव्हवर सापडली. मग काय, पोळ्या लाटता लाटता पुन्हा एकदा सगळं भोपाळ डोळ्यांसमोर.

ही मालिका २०१२ च्या फेब्रुवारीत झी टीव्हीवर सुरू झाली तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझं दुसरं, नवऱ्याचंही दुसरं. लग्नाच्या वेळी माझ्या पदरात चार वर्षांचा मुलगा आणि त्याच्या घरी सहा वर्षांची मुलगी. मी घटस्फोटित, तो विधुर. पहिला भाग बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे आपलंच चाललंय की." त्यानंतर रोज जेवणं लवकर उरकायची आणि दोघींनी सोफ्यावर ठाण मांडायचं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भोपाळचं सिंधिया कुटुंब (ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी काही संबंध नाही, सासूबाईंनी तीनदा विचारून खात्री केली होती). त्यांचा मुलगा यश विधुर आहे, पलक आणि पायल या दोन लहान मुली. बायको अर्पिता गेली, पण त्याच्या मनातून गेलेली नाही. इकडे आरतीला नवऱ्याने, प्रशांतने, सोडलंय. तिचा मुलगा अंश. ती माहेरी गेलेली नाही, सासू-सासऱ्यांकडेच राहते. हे सासू-सासरे म्हणजे दुबे. आणि तेच तिचं दुसरं लग्न जुळवतात. दोन्हीकडे मुलांकडे बघून होकार दिला जातो. मेख अशी, की सिंधियांच्या घरात विधवा सून चालते, घटस्फोट झालेली चालत नाही. म्हणून दुबे नवरा-बायको सांगतात, आमचा मुलगा वारला.

२०१२ मध्ये मी ही मालिका बघायचे ती यश आणि आरतीसाठी. दोन परकी माणसं एका खोलीत, एका पलंगाच्या दोन टोकांना, मध्ये भिंतीवर तिसरीचा फोटो. तो फोटो आमच्याकडेही होता. काढावा असं मला कधी वाटलं नाही आणि तो आहे हे मी कधी विसरलेही नाही. तेवढं मालिकेने बरोबर पकडलं होतं. नवरा वाईट नाही, बायको वाईट नाही, तरी पहिले काही महिने चहात साखर किती हे विचारायलाही संकोच वाटतो.

यावेळी मात्र माझी नजर सारखी दुबेंकडे जात होती. जरा विचार करा. ज्या मुलाला जन्म दिला तो जिवंत असताना चारचौघांत 'गेला' म्हणायचं. सुनेला मुलगी मानून दुसऱ्याच्या घरी पाठवायचं. तिच्याबरोबर आपला एकुलता एक नातूही पाठवायचा. वरात निघून गेल्यावर त्या दोघांनी घरी येऊन कुलूप उघडलं असेल तेव्हा आत काय असेल? अंशचे बूट? अर्धी रंगवलेली चित्रकलेची वही?

मालिका तिथे थांबत नाही. थांबेल तर मालिका कसली. तिला त्या खोट्याचा बॉम्ब करायचा असतो. कधी फुटणार, कोणासमोर फुटणार, प्रशांत परत आल्यावर काय होणार. तो फुटेपर्यंत आपण श्वास रोखून बसतो आणि त्या धुरात दुबे नवरा-बायको माणसं न राहता नुसते गुन्हेगार होऊन जातात.

आता घरचं सांगते. माझ्या लेकीच्या आईची आई संगमनेरला असते. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्या येऊन मला साडी नेसवून गेल्या होत्या. त्यानंतर दर दिवाळीला अनारशांचा डबा घेऊन येतात. पूर्वी, म्हणजे त्यांची लेक होती तेव्हा, त्या याच घरात आल्या की पदर खोचून थेट ओट्याशी जायच्या. हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी आल्यापासून त्या हॉलमधल्या खुर्चीच्या कडेवर बसतात आणि पाणी कोणी आणून देईल याची वाट बघतात. मी काही वावगं बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. सोळा वर्षं झाली.

तर प्रश्न असा. दुसऱ्या लग्नात नवरा-बायकोचं काय होतं, मुलांचं काय होतं, यावर मालिका हजारो भाग काढतात. पहिल्या लग्नातून आलेल्या आजी-आजोबांचं काय होतं? तुम्ही बघितलेल्या मालिकांत आणि तुमच्या घरात?

टीव्ही_टाइमपास

मस्त धागा! आमच्याकडे या मालिकेला 'राम आणि झाशीची राणी' असंच नाव होतं. गुरमीत चौधरी त्याआधी रामायणात राम झाला होता आणि क्रतिका सेंगर झीवरच झाशीची राणी. माझी आजी पहिल्या भागाला म्हणाली, "रामानं दुसरं केलं? मग सीता?" तिला मी सांगितलं की खऱ्या आयुष्यात त्याने त्या मालिकेतल्या सीतेशीच लग्न केलंय. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पलक-पायल गोड होत्या, पण मला तर अंशच आवडायचा.

आगाऊ_कार्टा

हिंदी मालिकेत पहिला नवरा किंवा पहिली बायको परत येणार हे विमा एजंटच्या फोनइतकं पक्कं असतं. वारली असेल तर आठवणीत येईल, सोडून गेली असेल तर दारात येईल. 'ये है मोहब्बतें' घ्या. २०१३ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या डिसेंबरपर्यंत सहा वर्षं चालली. सुरुवात किती साधी होती! शेजारशेजारचं एक तमिळ घर, एक पंजाबी घर. इशिता दातांची डॉक्टर, तिला मूल होऊ शकत नाही. रमण भल्ला घटस्फोटित. त्याच्या रूहीचा ताबा तिच्या आईकडे जाऊ नये म्हणून दोघं लग्न करतात. मंजू कपूर यांच्या 'कस्टडी' कादंबरीवरून घेतलेली गोष्ट. पुढे पहिली बायको शगुन दुसरीसाठी सरोगेट आई होते, मध्येच सात वर्षं उडी मारतात, मेलेली जिवंत होते. कादंबरीची पार चिंधी झाली.

तेव्हा चाफेकळीताई, दुबे नुसते गुन्हेगार ठरून सुटले हे त्यांचं नशीब समजा. अजून थोडं चालली असती तर दुबेकाकूंचा जुळा भाऊ आला असता. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

मधली_लेक

बरीच वर्षं नुसती वाचते इथे, पहिल्यांदा लिहितेय.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी दुसरं लग्न केलं. आई आजारपणात गेली होती. 'ये है मोहब्बतें' मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना रूममेट बघायच्या. रूही 'इशी माँ' म्हणत धावत जायची आणि त्या सगळ्या रुमाल काढायच्या. मला उठून जावंसं वाटायचं. रूहीला आई हवीच असते, ती पहिल्या दिवसापासून आईची भुकेली आहे. मला नको होती. मला आई होती. फक्त ती मेलेली होती.

नव्या बाईंना मी दोन वर्षं 'काकू' म्हटलं. मग एकदा शाळेत कोणी तरी म्हणालं, आईला काकू काय म्हणतेस. तेव्हापासून मी त्यांना कशानेच हाक मारली नाही. समोर जाऊन उभं राहायचं आणि बोलायला सुरुवात करायची. फोनवर तर फार पंचाईत व्हायची. सोळाव्या वर्षी एकदा ताप होता तेव्हा तोंडातून 'ए आई' गेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, कपाळावरची घडी बदलत राहिल्या. मालिकेत इथे व्हायोलिन वाजलं असतं. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठून गेल्या.

धाग्याच्या प्रश्नाबद्दल. माझं आजोळ बार्शीला. आई असताना उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी तिथे. आईनंतरही पहिलं वर्ष गेले. मग नवीन आजोळ आलं. तेही चांगले लोक, मला कपडे घ्यायचे, लाड करायचे. भांडण झालं नाही, कोणी अडवलं नाही. पण मे महिन्याला दिवस एकतीसच असतात. आधी पंधरा-पंधरा झाले, मग मला क्लास लागले तेव्हा आठ. बार्शीची आजी गेली तेव्हा मी तिला अडीच वर्षांनी बघत होते.

याचा खलनायक कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मालिकेत निदान सापडतो तरी.

टीव्ही_टाइमपास

मधली_लेक, 'मला आई होती, फक्त ती मेलेली होती' वाचून गप्प झाले. लिहीत राहा.

वकीलवाडा

कायद्याचा थोडा भाग, कारण मालिकांमध्ये कोर्ट म्हणजे हातोडा आणि "ऑर्डर ऑर्डर" एवढंच असतं.

सावत्र बाप लग्न केल्याने मुलाचा पालक होत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की यात 'वडील' आणि 'आई' म्हणजे सावत्र वडील आणि सावत्र आई नव्हेत. वारशाचंही तसंच. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सावत्र आईच्या मालमत्तेच्या वारसांत 'मुलगा' म्हणताना सावत्र मुलगा धरायचा नाही. म्हणजे यशने अंशला कितीही 'बेटा' म्हटलं तरी कागदावर करायचं ते वेगळं करावं लागतं. रीतसर दत्तक घ्या, त्याला सावत्र पालकाने दत्तक घेण्याची वाट दत्तक नियमांत आहे. मालमत्तेपुरतं बघायचं असेल तर मृत्युपत्र करा. आमच्याकडे लोक येतात ते माणूस गेल्यावर. तेव्हा मी फक्त पाणी देऊ शकतो.

आता चाफेकळी यांच्या मुद्द्याला थेट लागणारं प्रकरण. जुलै २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, मूळ आंध्रातला. बाळ अडीच महिन्यांचं असताना वडील वारले. आईने पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. मुलाच्या वडिलांच्या आई-वडिलांनी, म्हणजे तुमच्या भाषेत दुब्यांनी, पालकत्व मागितलं. खालच्या कोर्टाने ते नाकारलं, पण नातवाला भेटायची मर्यादित परवानगी दिली. उच्च न्यायालयाने वर आणखी सांगितलं की मुलाचं मूळ आडनाव परत लावा आणि नव्या नवऱ्याचं नाव लागलंच तर 'सावत्र वडील' म्हणून लावा. सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द केलं. आई ही एकमेव नैसर्गिक पालक उरली आहे, आडनाव काय लावायचं ते ती ठरवेल. कागदोपत्री 'सावत्र वडील' लिहायला लावणं जवळजवळ क्रूर आणि अविचारी आहे, असे शब्द निकालात आहेत.

निकाल मला पटतो. पण तो वाचताना मला त्या आजी-आजोबांचं चौदा वर्षं कोर्टात जाणं दिसत होतं. २००८ ला अर्ज, २०२२ ला निकाल. ज्या बाळासाठी अर्ज केला ते तोवर मिसरूड फुटलेलं पोरगं झालं. नातवंडाला भेटण्याचा आजी-आजोबांना आपोआप मिळणारा हक्क आपल्या कायद्यात नाही, कोर्ट मुलाचं हित बघून काय ते ठरवतं. म्हणून अशिलांना मी सांगतो, कोर्टात यायच्या आधी सूनबाईला जेवायला बोलवा.

जुने_पान

वकीलवाडा यांच्या मुद्द्याला जोडून. आजी-आजोबांचा प्रश्न १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यातच होता, हे फार जणांना माहीत नसतं. कलम २ प्रमाणे पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपायचा. कलम ३ प्रमाणे मृत नवऱ्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पुरुष नातेवाईक कोर्टाकडे मुलांसाठी दुसरा पालक नेमा असा अर्ज करू शकायचे. म्हणजे लग्न कर, पण घर सोड आणि कदाचित मूलही सोड. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला.

दुसरं उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचं. अण्णासाहेब कर्वे. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ लहान होता. बिजवराने कुमारिकाच करायची हा तेव्हाचा रिवाज. कर्व्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या गोदूबाईंशी, म्हणजे एका बालविधवेशी, लग्न केलं. त्यांचंच पुढे आनंदीबाई नाव झालं. मुरुड गावाने बहिष्कार टाकला आणि त्याची झळ अण्णांपेक्षा गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला आणि भावाला जास्त लागली. आपण याला सुधारणेचा इतिहास म्हणून वाचतो. पण ते एक सावत्र आई असलेलं घरही होतं. रघुनाथ म्हणजे पुढे संततिनियमनाचं काम करणारे र. धों. कर्वे. त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली आणि थोड्याच काळात नाव बदलून 'विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी' केलं. उत्तेजन द्यायचं नाही, आडवे येणाऱ्यांना फक्त बाजूला करायचं. मला हे दुसरं नाव जास्त शहाणं वाटतं.

कोल्हापुरी_ठसका

जुने_पान, तुमचं वाचून बरं वाटलं पण एक टोचतं. पुनर्विवाह म्हटलं की गाडी नेहमी पेठेतूनच का सुटते? आमच्यात पाट होताच की. म्होतूर म्हणा, पाट म्हणा. कायदा यायच्या आधीपासून. विधवेलाही आणि टाकलेलीलाही. सिंधियांच्या घरात घटस्फोटिता चालत नाही म्हणून केवढं रामायण, आणि आमच्या पणजीने नवरा नांदवत नाही म्हणून दुसरा पाट लावला होता!

हां, पाट म्हणजे सगळं आलबेल होतं असं म्हणत नाही. लग्न वाजतगाजत, पाट रात्रीचा. 'पाटाची बायको' हा शब्द कसा उच्चारला जायचा ते घरातल्या बायकांना विचारा. आणि मूल बहुतेकदा बापाच्या घरी. पणजीचा पहिला मुलगा आजोबांकडेच वाढला. ती पुढच्या गावात राहायची, बाजाराच्या दिवशी लांबून बघायची. आज्या-आजोबांना नातू मिळाला, आईचा गेला. तुमच्या मालिकेच्या बरोब्बर उलटं.

जुने_पान

ठसका, बरोबर आहे, चूक मान्य. पणजीबद्दल वेगळा धागा काढा, विनंती.

पेठेतली_सून

पेठेचं नाव निघालंच आहे तर हजर. :)

मला वाटतं मुलं लहान असतानाचं दुसरं लग्न दाखवणं सोपं आहे. मुलं मोठी असली की खरी गंमत. 'अनुपमा' आणि आपली 'आई कुठे काय करते' दोन्ही एकाच बंगाली मालिकेवरून, 'श्रीमयी'वरून घेतलेल्या. तिकडे अहमदाबादचे शाह, इकडे देशमुखांचा 'समृद्धी' बंगला. तिकडे वनराज काव्याशी लग्न करतो, इकडे अनिरुद्ध संजनाशी. बापाचं दुसरं लग्न मुलं चार दिवस धुसफुसून पचवतात. आईचं म्हटलं की संस्कृती बुडते. अनुपमा आणि अनुजचं लग्न मे २०२२ मध्ये झालं तेव्हा तोशूचा चेहरा आठवा. लग्न झालेला पोरगा, आणि त्याला आईच्या लग्नाची लाज वाटते.

आता आजी-आजोबा. या दोन्ही मालिकांत सुनेच्या बाजूने कोण उभं राहतं? पहिला सासरा! तिकडे बापूजी, इकडे अप्पा. म्हणजे चाफेकळीचे दुबे इथेही आहेत, फक्त खोटं न बोलता. पण मग लेखक दुसऱ्या टोकाला जातात. अनुपमाचं दुसरं लग्न झालं तरी ती उठसूट शाहांच्या घरात. आज नातवाचं काय, उद्या बांचं काय. अनुज बिचारा गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. पहिलं सासर तुटू नये हे ठीक, पण दुसरं घर म्हणजे काय धर्मशाळा आहे?

त्यापेक्षा 'अग्गंबाई सासूबाई' मला उजवी वाटली होती. तिथे विधवा सासूचं लग्न सून लावते आणि मुलगा फुरंगटून बसतो. साधं, घरगुती, खरं.

अवांतर: 'माझी तुझी रेशीमगाठ'मधला परीचा नवा बाबा यश, 'पुनर्विवाह'मधला यश. सावत्र बाप व्हायचं तर नाव यशच लागतं का?

आगाऊ_कार्टा

माझ्या मित्राचं नाव यश आहे. त्याला सावध केलंय.

स्पष्ट_बोलणार

सगळे दुब्यांसाठी डोळे पुसताय म्हणून विचारतो. त्यांनी फसवणूक केली की नाही? लग्नाच्या बोलणीत एवढी मोठी गोष्ट लपवली. उद्या तुमच्या मुलाचं असं झालं तर इतकी सहानुभूती राहील? आरतीलाही माहीत होतं. अर्पिताच्या आठवणींचा यशने आडपडदा ठेवला नाही, निदान तो तरी प्रामाणिक होता.

वकीलवाडा

कायद्याने विचाराल तर महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली हे गंभीर आहे, प्रश्नच नाही. पण सिंधियांनाही विचारा की, विधवा चालते आणि घटस्फोटिता का चालत नाही? नवरा मेला तर तिचं दुर्दैव, नवऱ्याने सोडलं तर तिचा दोष. या हिशेबातून ते खोटं निघालं. अशी स्थळं मी आजही बघतो. बायोडेटात 'घटस्फोटित' शब्दाआधी 'निर्दोष' लिहिणारे आई-बाप आहेत.

स्पष्ट_बोलणार

सिंधिया चूक, म्हणून दुबे बरोबर होत नाहीत. पण 'निर्दोष घटस्फोटित' हे मीही वाचलंय. लाज वाटली होती.

आजीचं_खातं

हे खातं माझ्या भाचीने उघडून दिलंय, टायपिंगही तीच करते आहे. मी सांगते, ती लिहिते. वय एकोणसत्तर.

मी तुमची दुबेकाकू आहे. खोटं सोडून. आमचा मुलगा अपघातात गेला तेव्हा सून एकोणतीसची, नातू तीन वर्षांचा. दीड वर्षाने मी आणि ह्यांनी तिच्याशी विषय काढला. ती आमच्यावर रागावली, दोन दिवस जेवली नाही. तिला वाटलं आम्हाला ती जड झाली. तिची आईही मला म्हणाली, तुम्हाला काय घाई आहे. घाई होतीच. आमचं वय वाढत होतं, आमच्यानंतर तिला कोण?

लग्न आमच्याच हॉलमध्ये झालं, कन्यादान आम्ही दोघांनी केलं. टीव्हीत त्या बाई रडतात. मला रडायला फुरसतच मिळाली नाही. केटररने आयत्या वेळी ताटामागे दर वाढवून मागितला आणि मी पाठवणीच्या वेळी त्याच्याशी भांडत होते. गाडी गेली ते मला कळलंही नाही. हे म्हणाले, चल, गेले ते.

कुलूप उघडल्यावर आत काय होतं, असं वर विचारलंय. आत काही नव्हतं. सुनेने सगळं नीट आवरून ठेवलं होतं, नातवाचं एक खेळणं सुद्धा खाली नव्हतं. तेच फार वाईट होतं.

नातू आता पंधरा वर्षांचा आहे. आडनाव बदललं आहे. मीच सुनेला म्हटलं होतं बदल, शाळेत पोराला चार वेळा सांगावं लागू नये. सुनेचा नवरा सज्जन आहे, मला आई म्हणतो. पण त्याला सख्खी आई आहे, तिच्या घरी मी किती वेळा जायचं याला एक माप असतं, ते मापाने ठेवायचं. मी रविवारी फोन करत नाही. नातू करतो तेव्हा घेते. ह्यांनी नातवाच्या नावाने विम्याची पॉलिसी काढली होती, हे गेल्यावर हप्ता मी भरते. त्याचं मूळ नाव त्या एका कागदावर राहिलंय. बदलून घ्यायचं आहे, बँकेतला मुलगा दर वेळी नवीन कागद मागतो. मलाही घाई नाही.

चाफेकळी, तुझ्या संगमनेरच्या बाई खुर्चीच्या कडेला बसतात त्याचं कारण मी सांगते. त्यांना वाटतं आपण ओट्याशी गेलो तर तुला वाटेल की आपण हक्क दाखवतो. तू त्यांना 'या ना आत' म्हणू नकोस. पाहुण्याला म्हणतात तसं. काहीतरी काम सांग.

टीव्ही_टाइमपास

आजी, नमस्कार.

मधली_लेक

आजी, मला बार्शीला फोन करता येणार नाही म्हणून तुम्हाला एक विचारते. नातवाने वेळ ठरवून फोन केलेला चालतो का, की अचानक केलेला बरा?

आजीचं_खातं

अचानक. ठरवून केला की मी सकाळपासून फोनजवळ बसते आणि कामं राहतात.

चाफेकळी

चार दिवस इथे आले नाही. आजींचं वाचून दाखवलं लेकीला, तिने काहीच न बोलता संगमनेरला फोन लावला. पाय मोडल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. हे माझं चुकलं, लपवत नाही. नवऱ्याला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं त्याने. दुसऱ्या दिवशी बाराच्या एसटीने त्या हजर. हातात अनारसे नव्हते, दिवाळी नव्हती ना, मेथीचे लाडू होते.

आल्या, पुन्हा त्याच खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी मुद्दाम पलंगावर बसून लेकीचं प्लॅस्टर आतून खाजवायची पट्टी धरून होते. म्हटलं, "आई, माझे हात अडकलेत, चहा टाकता का चौघांचा?"

त्या उठल्या. आतून बराच वेळ डबे उघडझाक केल्याचा आवाज येत होता. मग हाक आली, "साखर कुठे ठेवतेस गं?" मी सांगणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आजी, पूर्वी जिथे होती तिथे बघ." मी काही बोलले नाही.

आगाऊ_कार्टा

सापडली का साखर?

चाफेकळी

नाही. तिथे मी गूळ ठेवते. चहा गुळाचा झाला, फाटला थोडा. सगळ्यांनी प्यायला.